डॉ. टॉमस रिव्हर्स

लुई पाश्चर यांचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत सहसा आढळावयाचा नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्यानें चावे घेतलेल्या जोझेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या बालकास ६ जुलै १८८५ रोजीं त्यांनीं आपली लस टोंचली आणि त्यास मृत्यूच्या दाढेंतून ओढून काढलें, ही हकीकत आपण वर्गांत वाचलेली आहे. परंतु या हकीकतीस एक उत्तरार्ध आहे. तो आपल्या क्रमिक पुस्तकांत येत नाहीं. तो उत्तरार्ध ज्यांच्या हातून घडला ते अमेरिकन डॉक्टर टॉमस मिल्टन रिव्हर्स वैद्यकशास्त्राच्या जगांत मोठे कीर्तिमान असूनहि आपल्या इकडील मुलांस अपरिचित राहिले आहेत. त्यांची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम तो उत्तरार्ध म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. पाश्चर यांची लस सशाच्या मज्जारज्जूपासून बनविलेली असे. पिसाळ रोगाचें विष सशाच्या अंगांत वाढवावयाचें, त्याचा मज्जारज्जु काढून कोरड्या हवेंत वाळवून विषाचा जोर कमी करावयाचा, आणि तो रज्जु खलून केलेलें पाणी रोज थोडें थोडें रोग्याच्या अंगांत टोंचावयाचें, अशी ती पद्धति होती. या लशीनें असंख्य माणसांचे प्राण वांचले यांत शंका नाहीं. तथापि ती टोंचून घेणाऱ्या कांहीं शेंकड्यांत किंवा कांहीं हजारांत एखाद्याचें असें होई कीं, दहापंधरा दिवसांनीं त्याच्या पायांस मुंग्या येत, मग पाय लुळे पडत, लघवी कोंडे आणि कित्येक तर दगावतहि. ज्यांस चावलेलें कुत्रें मुळीं पिसाळलेलें नव्हतेंच अशा माणसांसहि हा पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें होतीं. तेव्हां त्यांच्या बाबतींत मूळ रोगास दोष देण्याची सोय नव्हती. औषधच कोठें तरी उलटत होतें.

आपल्या देशांत १९०० सालीं कसौली येथें पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, आणि १९११ सालीं सर डेव्हिड सेंपल यांनीं लस तयार करण्याची आपली सुधारलेली रीत प्रसिद्ध केली. पुढें पुष्कळ वर्षें मेंढीच्या मेंदूपासून केलेली या जातीची लस देशभर वापरांत होती. बेंबीच्या भोंवतालीं टोंचावयाचीं तीं चौदा इंजेक्शनें पालकांपैकीं अनेकांस आठवत असतील. माझ्या थोरल्या बंधूंस लहानपणीं तीं घ्यावीं लागलीं होतीं. त्या दिवसांत आमची आई रोज सकाळीं त्यांस अंथरुणांतून उठवून अंगणाच्या टोंकापर्यंत चालवीत नेई आणि त्यांच्या पावलांकडे टक लावून पाही. पायांस मुंग्या आल्यास तत्काळ येऊन कळवा, असें तिला दवाखान्यांत बजावण्यांत आलें होतें. पण मुंग्या कां याव्या हें तिला कोणी सांगितलें नव्हतें, आणि मला तर तें कळण्यास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं. बंधूंना कांहीं झालें नाहीं. मात्र आईची भीति खोटी नव्हती, आणि त्या भीतीचें मूळ शोधून काढण्याचें श्रेय रिव्हर्स यांजकडे जातें.

टॉमस रिव्हर्स यांचा जन्म ३ सप्टेंबर १८८८ रोजीं अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया संस्थानांत जोन्सबरो या लहानशा गांवीं झाला. त्याच संस्थानांत ऑक्सफर्ड नांवाचें एक खेडें आहे (इंग्लंडांतील प्रख्यात विद्यापीठाचें गांव तें हें नव्हे) व तेथें मेथडिस्ट मंडळीचें एमरी कॉलेज होतें. तेथून १९०९ सालीं पदवी घेऊन ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाले. अमेरिकेंतील उत्तमांपैकीं तें विद्यालय. तेथें प्रवेश मिळाला म्हणजे पुढील आयुष्याची चिंता मिटली असेंच कोणीहि समजावें.

परंतु विद्यालयाचा अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वींच आपल्या हाताचे स्नायु झडत चालले आहेत असें त्यांच्या ध्यानांत आलें. ज्या गुरूंपाशीं ते शिकत होते तेच तपासणारे. निदान असें झालें कीं, हा स्नायु क्षीण करीत जाणारा मज्जासंस्थेचा रोग आहे. यावर उपाय नाहीं. आणि आयुष्यहि फारसें उरलेलें नाहीं. रोगाची लक्षणें पुस्तकांत पाठ करणें निराळें आणि तींच स्वतःच्या मनगटाखालीं पाहणें निराळें. वयाच्या ऐन चोविशी-पंचविशींत रिव्हर्स यांना विद्यालय सोडावें लागलें. पण त्यांनीं अंथरूण धरलें नाहीं. पनामाच्या कालव्याचें काम त्या वेळीं पुरें होत आलें होतें. पनामा शहरांत सांतो तोमास नांवाचें इस्पितळ होतें, त्याच्या प्रयोगशाळेंत साहाय्यकाची नोकरी पत्करून ते तिकडे गेले. सुमारें दीड वर्ष लोटलें. रोग होता तेथेंच राहिला, पुढें सरकला नाहीं. मग ते बाल्टिमोरला परतले, राहिलेला अभ्यास पुरा केला आणि १९१५ सालीं डॉक्टर झाले. तज्ज्ञांनीं थोडकें ठरविलेलें त्यांचें आयुष्य पुढें त्र्याहत्तर वर्षांचें झालें!

या अनुभवामुळेंच ते मज्जातंतूंच्या रोगांकडे वळले, असें लिहिण्याचा मोह कोणाहि चरित्रलेखकास होईल, मलाहि झाला. परंतु तसें म्हणण्यास आधार नाहीं. ते तिकडे वळले ते लशींच्या वाटेनें.

आरंभीं त्यांचा मनोदय लहान मुलांचा डॉक्टर होण्याचा होता. इतक्यांत पहिलें महायुद्ध आलें आणि लष्करी छावण्यांतून गोंवरामागून येणाऱ्या न्युमोनियाचा अभ्यास करण्याचें काम त्यांजकडे आलें. १९२२ सालीं ते न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या इस्पितळांत गेले व नोकरीची पुढील सर्व वर्षें त्यांनीं तेथेंच घालविलीं. विषाणु म्हणजे काय, याविषयीं त्या काळीं मोठा गोंधळ होता. चिनी मातीच्या गाळणींतून जंतु अडतात पण हें विष पार जातें, एवढेंच लोक जाणत. १९२६ सालीं रिव्हर्स यांनीं स्पष्टपणें मांडलें कीं, विषाणु जिवंत पेशींचा आश्रय घेतल्यावांचून वाढूं शकत नाहीं. तो पूर्ण परावलंबी आहे. आज हें आपल्या शाळेंतील मूल सांगतें. तेव्हां तें सर्वांस मान्य नव्हतें. रिव्हर्स यांचा स्वभाव तापट, बोलणें रोखठोक, आणि पुराव्यावांचून विश्वास ठेवण्याची त्यांस मुळींच संवय नव्हती. त्यांच्याशीं वाद घालावयाचा तर पुरी तयारी करूनच जावें लागे, अशी त्यांची ख्याति होती.

आतां ज्या कामासाठीं हा लेख लिहीत आहें त्याकडे येऊं. १९२० नंतरच्या वर्षांत हॉलंड व इंग्लंड या देशांत देवी काढलेल्या कांहीं मुलांना मेंदूचा दाह झाल्याच्या बातम्या आल्या. गोंवर येऊन गेल्यावरहि क्वचित् असाच दाह होई. आणि कुत्र्याच्या लशीनंतरचा पक्षाघात तर जुनाच होता. या तिन्ही अपघातांतील मृतांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां विलक्षण साम्य दिसे. आपल्या मज्जातंतूंवर मायेलिन नांवाच्या स्निग्ध पदार्थाचें वेष्टण असतें. विजेच्या तारेवर जसें रबराचें आवरण असावें तसें तें समजावें. आवरण शाबूत असेल तर मेंदूची आज्ञा पायापर्यंत क्षणांत पोंचते. तें गेलें कीं आज्ञा रेंगाळते किंवा वाटेंतच नाहींशी होते. या रोग्यांच्या मेंदूंत व मज्जारज्जूंत लहान लहान शिरांच्या भोंवतीं दाह झालेला असे, आणि नेमकें तेथलें मायेलिन नाहींसें झालेलें असे.

पॅरिस येथील शार्को यांनीं १८६८ सालीं वर्णिलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगांतहि हेंच होतें. फरक इतकाच कीं तो रोग एका झटक्यांत न येतां वर्षानुवर्षें घरांत ठाण मांडून बसतो. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान तो गांठतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक होतो. आज एका डोळ्यापुढें अंधारी, कांहीं महिन्यांनीं पायांत बळ नाहीं, मध्यंतरीं बरें वाटतें, पुन्हां झटका येतो. २०२० सालच्या गणनेप्रमाणें जगांत सुमारें २८ लाख माणसें या व्याधीनें ग्रस्त होतीं. रिव्हर्स यांच्या काळीं या रोगाचें कारणहि ठाऊक नव्हतें आणि अभ्यासाकरितां तो एखाद्या प्राण्यांत हवा तेव्हां उत्पन्न करण्याची युक्तिहि कोणास साधली नव्हती.

लशीनंतरच्या दाहाविषयीं दोन तर्क चालत. एक असा कीं, रोग्याच्या अंगांत आधींच दडून असलेला एखादा विषाणु लशीच्या धक्क्यानें जागा होत असावा. दुसरा असा कीं, निदान कुत्र्याच्या लशीच्या बाबतींत तरी, लशींत जो मेंदूचा चोथा जातो त्याचाच हा उपद्रव असावा. वर्षानुवर्षें वाद चालला होता. रिव्हर्स यांनीं वाद सोडून प्रयोग केला.

त्यांनीं निरोगी सशांचे मेंदू घेतले. त्यांत पिसाळ रोगाचें विष नव्हतें, दुसरा कोणताहि जंतु नव्हता. ते मेंदू खलून पाण्यांत कालविले. कांहींचा अल्कोहोल व ईथर यांत अर्क काढला. आणि हीं द्रव्यें ऱ्हीसस जातीच्या माकडांच्या स्नायूंत टोंचण्यास प्रारंभ केला. एकदां दोनदां नव्हे, महिनेच्या महिने. स्प्रंट व बेरी या सहकाऱ्यांसह केलेला पहिला प्रयोग १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत आठ माकडांपैकीं दोन आजारी पडलीं. आठांत दोन म्हणजे योगायोगहि असूं शकेल. ज्यांस पुराव्यावांचून चैन पडत नसे ते रिव्हर्स येथें थांबणें शक्य नव्हतें. फ्रान्सिस श्वेंटकर यांस बरोबर घेऊन त्यांनीं तोच प्रयोग अधिक चिकाटीनें पुन्हां केला व १९३५ सालीं त्याचा वृत्तान्त छापला. या वेळीं आठांपैकीं सात माकडांच्या मेंदूंत विकृति आढळली, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं मायेलिन नष्ट झालेलें दिसलें. ज्यांस हीं इंजेक्शनें दिलीं नव्हतीं तीं तुलनेसाठीं ठेवलेलीं आठ माकडें खुशाल राहिलीं.

अजून एक शंका उरत होती. कदाचित् कोठून तरी एखादा विषाणु शिरला असेल! म्हणून रोगट मेंदूचे कण घेऊन त्यांतून जंतु वाढतात काय तें पाहिलें. कांहीं वाढलें नाहीं. तेच कण दुसऱ्या माकडांच्या, सशांच्या, गिनीपिगांच्या आणि पांढऱ्या उंदरांच्या मेंदूंत टोंचून पाहिले. रोग पुढें गेला नाहीं. म्हणजे आयुष्यभर विषाणूंच्या मागें असलेल्या या शास्त्रज्ञानें असा एक रोग उत्पन्न केला होता कीं ज्यांत विषाणूचा मागमूस नव्हता. निरोगी सशाचा निरोगी मेंदू, आणि त्यापासून माकडाच्या मेंदूस रोग! हें कसें घडलें, याचा उलगडा आपणांस झाला आहे असें रिव्हर्स व श्वेंटकर यांनीं म्हटलें नाहीं. कोणत्या तरी प्रकारें घडतें, इतकेंच त्यांनीं लिहिलें. एवढा मोठा शोध हातीं असतां इतकें थोडें बोलणें ही मला त्या लेखांतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

उलगडा पुढें झाला. परकें द्रव्य अंगांत शिरलें कीं शरीर त्याजविरुद्ध शस्त्र उचलतें. लशींचें सर्व सामर्थ्य यांतच आहे. परंतु सशाचें मायेलिन आणि माकडाचें मायेलिन यांत फारसा भेद नाहीं. सशाच्या मायेलिनवर उगारलेलें शस्त्र माकडाच्या स्वतःच्या मेंदूवर येऊन पडलें. आपल्याकडे कुंपणानेंच शेत खाल्लें असें म्हणतात, तसा हा प्रकार. लशीनें लुळ्या पडलेल्या माणसांचेंहि हेंच झालें होतें.

ऱ्हीसस म्हणजे उत्तर हिंदुस्थानांत देवळांच्या आवारांतून व रेल्वेच्या स्थानकांवर हिंडणारें तांबड्या तोंडाचें माकड. विसाव्या शतकांत या जातीचीं हजारों माकडें आपल्या देशांतून परदेशच्या प्रयोगशाळांत गेलीं. १९५५ सालीं आपल्या सरकारनें ही निर्गत कांहीं काळ थांबविली व १९७८ सालीं ती पुरती बंद केली. जीं माकडें पाय ओढीत पिंजऱ्यांत पडलीं त्यांचें दुःख हिशेबांत न धरतां शोधाची थोरवी गाणें मला बरें वाटत नाहीं. परंतु ज्या मातांनीं आपलीं मुलें अंगणांत चालवून पाहिलीं त्यांचेंहि दुःख त्याच हिशेबांत आहे.

या प्रयोगाचें पहिलें फळ मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यांस नव्हे, तर पोलिओच्या भीतीखालीं वाढणाऱ्या मुलांस मिळालें, आणि तें निराळ्याच रीतीनें. १९३५ सालींच न्यूयॉर्कच्या ब्रोडी यांनीं व फिलाडेल्फियाच्या कोल्मर यांनीं पोलिओवर दोन लशी काढून हजारों मुलांस टोंचल्या. दोन्ही लशी पोलिओ झालेल्या माकडांच्या मज्जारज्जूपासून केलेल्या होत्या. कोल्मर यांच्या लशीनंतर कांहीं मुलांस पोलिओच झाला व त्यांतील कांहीं दगावलीं. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत सेंट लुई येथें सार्वजनिक आरोग्याच्या कार्यकर्त्यांची परिषद भरली. तेथें रिव्हर्स यांनीं ब्रोडी यांच्या लशीवर भर सभेंत कठोर टीका केली. दोन्ही लशी मागें पडल्या. ती टीका निर्दय होती असें म्हणणारे आहेत. मला वाटतें, ज्याच्या प्रयोगशाळेंत नुसत्या मज्जाद्रव्यानें सात माकडांचे मेंदू बिघडलेले होते, त्यानें मज्जारज्जूची लस लाखों मुलांस टोंचण्याची घाई शांतपणें पाहत बसावयास हवी होती असें म्हणणें कठीण आहे.

येथें मोठी अडचण उभी राहिली. १९३६ सालीं त्याच रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील साबिन व ऑलिट्स्की यांच्या प्रयोगांत पोलिओचा विषाणु नळीमध्यें केवळ मज्जेच्या पेशींवर वाढला, इतर कशावर नाहीं. मज्जेवांचून विषाणु नाहीं आणि मज्जेची लस तर घातक! तेरा वर्षें ही वाट जवळजवळ बंद होती. १९४९ सालीं एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनीं मज्जेशीं संबंध नसलेल्या पेशींवर पोलिओचा विषाणु वाढवून दाखविला, तेव्हां ती उघडली. त्यांस १९५४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सॉक यांनीं आपली लस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढविली, मेंदूवर नव्हे. असें कां, हें या पार्श्वभूमीवर ध्यानांत येईल.

या सर्व काळांत रिव्हर्स स्वतः पोलिओच्या कामांत गळ्यापर्यंत बुडालेले होते. १९३७ सालीं ते रॉकफेलर इस्पितळाचे प्रमुख झाले. स्वतः पोलिओनें पंगु झालेले अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं १९३८ सालीं पोलिओविरुद्ध एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. लोकांनीं दिलेल्या दहा दहा सेंटांच्या नाण्यांवर ती चाले. तिच्या संशोधनाचा पैसा कोणत्या कामास द्यावा हें ठरविण्यांत रिव्हर्स यांचा शब्द मोठा होता. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं ग्वाम बेटावर नौदलाचें वैद्यकीय संशोधन केंद्र चालविलें. सॉक यांची लस तयार झाली तेव्हां ती मुलांस देऊन पाहावी कीं नाहीं याचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष रिव्हर्सच होते. ज्यांनीं १९३५ सालीं दोन लशींस निर्भीडपणें विरोध केला त्यांनींच १९५४ सालीं या लशीस संमति दिली. सुमारें १८ लाख मुलें त्या चांचणींत सामील झालीं, आणि १२ एप्रिल १९५५ रोजीं ती यशस्वी झाल्याचें जाहीर झालें. त्याच महिन्यांत एका कारखान्याच्या कांहीं लशींत जिवंत विषाणु राहून गेल्यामुळें मुलें पंगु झालीं व कांहीं मेलीं, हेंहि सांगितलें पाहिजे. दोष लशीच्या कल्पनेंत नसून तयारींत होता व तो सुधारण्यांत आला. रिव्हर्स १९५५ सालीं इस्पितळांतून निवृत्त झाले, परंतु पोलिओ संस्थेचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. १९६२ च्या मे महिन्यांत त्यांचें देहावसान झालें. अखेरच्या वर्षांत सॉल बेनिसन या इतिहासकारानें त्यांच्याकडून आठवणी वदवून घेतल्या होत्या. त्या १९६७ सालीं पुस्तकरूपानें निघाल्या.

त्यांच्या माकडांच्या रोगाचें काय झालें? महिनोन् महिने इंजेक्शनें देत बसण्याचें काम इतकें कंटाळवाणें होतें कीं दहा वर्षें फारसे कोणी तिकडे फिरकले नाहींत. मग फ्रॉइंड नांवाच्या शास्त्रज्ञानें तेल व मृत क्षयजंतु यांचें एक मिश्रण तयार केलें. तें जोडीला दिलें कीं शरीराचा प्रतिकार कित्येक पटींनीं बळावे. १९४६-४७ सालीं एल्विन कॅबट व इझाबेल मॉर्गन यांनीं आपापल्या प्रयोगशाळांत तें मेंदूच्या चोथ्यांत मिसळून टोंचलें, आणि महिन्यांचें काम थोड्या आठवड्यांवर व थोड्या इंजेक्शनांवर आलें. कॅबट यांनीं तर माकडाच्या स्वतःच्याच मेंदूचा तुकडा काढून, तो खलून त्यालाच टोंचला, तरीहि रोग झाला. शत्रु बाहेरचा नव्हता, याहून दुसरा पुरावा कोणता हवा? पुढें १९६० सालीं पॅटर्सन यांनीं आजारी उंदराच्या लसिकाग्रंथींतील पेशी निरोगी उंदरास देऊन रोगहि देतां येतो असें दाखविलें. म्हणजे घात करणारे सैनिक या पेशींत होते.

तेव्हांपासून आजतागायत मल्टिपल स्क्लेरोसिसचा अभ्यास मुख्यतः याच प्रयोगजन्य रोगाच्या साह्यानें चालला आहे. माकडांची जागा उंदरांनीं घेतली आहे. इस्राएलांतील वाइझमन इन्स्टिट्यूटमध्यें सेला, आर्नन व टाइटेलबाउम हे मायेलिनसारखीं कृत्रिम द्रव्यें करून त्यांनीं रोग होतो काय तें पाहत होते. रोग झाला नाहीं. उलट रोग आवरला जाऊं लागला. त्यांतून निघालेलें ग्लाटिरामर हें औषध १९९६ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. नाटालिझुमाब हें दुसरें औषध घातक पेशींस रक्तांतून मेंदूंत शिरूं देत नाहीं. ही युक्ति १९९२ सालीं उंदरांवरच प्रथम सिद्ध झाली. २००४ सालीं तें बाजारांत आलें आणि थोड्याच महिन्यांत मागें घ्यावें लागलें, कारण पहारा अडविल्यामुळें कांहीं रोग्यांच्या मेंदूंत एक दुसराच विषाणु माजला. उंदरांनीं याची सूचना दिली नव्हती. २००६ सालीं तें पुन्हां मिळूं लागलें, मात्र कडक देखरेखीखालीं. तिसऱ्या एका औषधाची गोष्ट याहून उद्वेगजनक आहे: लेनरसेप्ट या औषधासारख्या उपायानें उंदीर बरे झाले, पण माणसांस तें दिल्यावर त्यांचे झटके वाढले. १९९९ सालीं तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

मेंढीच्या मेंदूची कुत्र्याची लस आपल्या देशांत २००५ सालच्या सुमारास बंद झाली. आतांच्या लशी मज्जेशीं संबंध नसलेल्या पेशींवर वाढवितात व त्या दंडांत टोंचतात.

आणि ज्या विषाणूचा रिव्हर्स यांनीं इतक्या कसोशीनें शोध घेऊन तो नाहीं असें ठरविलें, त्याची गोष्ट राहिली. माकडांच्या रोगापुरता त्यांचा निर्णय आजहि अबाधित आहे. परंतु माणसाच्या रोगांत निराळें कांहीं आहे असें दिसतें. २०२२ सालीं अमेरिकन सैन्यांतील एक कोटींहून अधिक माणसांच्या नोंदी व त्यांपैकीं रोग्यांचे जतन केलेले रक्तांश तपासून संशोधकांनीं दाखविलें कीं, एप्स्टाइन-बार हा विषाणु अंगांत शिरल्यानंतर मल्टिपल स्क्लेरोसिस होण्याचा संभव सुमारें बत्तीस पट वाढतो. हा विषाणु बहुतेक सर्व माणसांच्या अंगांत असतो आणि बहुतेकांस त्यापासून हा रोग होत नाहीं. मग थोड्यांसच कां होतो, हा आतां प्रश्न आहे. साध्या उंदरास या विषाणूची बाधा होत नाहीं. म्हणून मानवी रक्ताच्या पेशी अंगांत वाढविलेल्या उंदरांवर नवे प्रयोग सुरू झाले आहेत.